इंटरव्ह्यूची रंगीत तालीम

आमच्या घरात कोणी बूट घालून फिरलेलं मला खपत नाही. बॉयलर दुरुस्त करायला येणाऱ्या माणसालाही मी दारातच निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या देते, बुटांवर चढवायला. नवरा लाजतो, पण मी देते. आणि त्या फेब्रुवारीतल्या रविवारी मीच माझ्या लेकीच्या मागे लागले होते, "घाल गं बूट, घरातच घाल. इंटरव्ह्यूपर्यंत सैल व्हायला हवेत."

इंटरव्ह्यू म्हणजे मेडिकलचा. आणि तो अजून आलेलाच नव्हता.

इथे इंग्लंडात मेडिकलसाठी मुलांना चारच कॉलेजांत अर्ज करता येतो. दहावीचे मार्क, उन्हाळ्यात दिलेली एक चाचणी, शाळेने लिहिलेले चार शब्द, एवढं बघून प्रत्येक कॉलेज ठरवतं की या मुलाला भेटायचं की नाही. बोलावलं तर पुढची आशा. नाही बोलावलं तर तिथेच खेळ खलास. आणि उत्तरं एकदम येत नाहीत. नोव्हेंबरपासून पार मार्चपर्यंत कधीही, मूल शाळेत असताना, बसमध्ये असताना, ई-मेल येऊन पडतो. तोवर घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं.

आम्हाला पहिला नकार नोव्हेंबरात आला, दुसरा ख्रिसमसच्या तोंडावर, तिसरा जानेवारीत. दर वेळी मी म्हणायचे, "जाऊ दे गं, ते कॉलेज नाहीतरी फार लांब होतं." तिसरं कॉलेज लंडनमध्येच, आमच्या पिनरहून ट्यूब ट्रेनने तासाभरावर होतं. तेव्हा लेक माझ्याकडे बघून नुसती हसली होती.

आता यात लाजण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. मलाही पटतं. एवढी हुशार मुलं अर्ज करतात, सगळ्यांना कुठून बोलावणार? पण मी सप्टेंबरातच करायचा तो उपद्व्याप करून बसले होते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आरतीसाठी नावं पुकारणाऱ्या गृहस्थांच्या कानात मी जाऊन सांगितलं, "आमच्या लेकीचा मेडिकलचा अर्ज जातोय हो." मग काय, त्यांनी माइकवरून पुकारा केला, "आता आरतीला येताहेत आपल्या होणाऱ्या डॉक्टर!" अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. लेकीचे कान लालबुंद झाले. मी मात्र मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढत होते. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी म्हणतात, ते हेच.

त्यामुळे जानेवारीतल्या हळदीकुंकवाला जी ती मला कुंकू लावता लावता विचारायची, "आला का गं कॉल?" मी तिळगूळ तोंडात घोळवत म्हणायचे, "एक बाकी आहे अजून." माझी एक मैत्रीण आहे, जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, तिच्या मुलाला तीन कॉल आले होते. ती बिचारी विषय काढत नव्हती, आणि तिने काढला नाही याचाच मला जास्त राग येत होता. असा असतो माणसाचा स्वभाव. माझा तरी आहे.

नवरा भूल देणारा डॉक्टर. घरातही तो तसाच, शांत, समोरच्याला शांत करणारा. मी त्याला म्हटलं, "अरे, इतकी वर्षं नोकरी केलीस, कर ना कुणाला तरी फोन." तो म्हणाला, "इथे तसं चालत नाही. आणि चालत असतं तरी केला नसता." मला इतका संताप आला, की दोन दिवस मी त्याच्याशी फक्त कचऱ्याच्या बिनबद्दल बोलले, आज हिरवा बाहेर ठेवायचा की निळा.

मग माझ्या डोक्यातून ती कल्पना निघाली.

हल्ली मेडिकलचा इंटरव्ह्यू म्हणजे टेबलापलीकडे बसलेले तीन म्हातारे नव्हेत. आठ खोल्या असतात, त्यांना स्टेशन म्हणतात. प्रत्येक दाराबाहेर एक कार्ड लावलेलं असतं. मुलाने ते वाचायचं, आत जायचं, काही मिनिटं बोलायचं, घंटा झाली की पुढच्या दाराशी. एका खोलीत प्रश्न, एकीत आकडेमोड, एकीत चक्क नाटक: समोर नट बसलेला असतो, त्याला वाईट बातमी सांगायची. लोक याच्या तयारीसाठी क्लास लावतात. मी म्हटलं, क्लास कशाला? आमच्या मंडळात एवढे डॉक्टर आहेत, की दोन वॉर्ड सहज चालतील. टाकला मेसेज ग्रुपवर.

"आधी बोलावणं तर येऊ दे," नवरा म्हणाला. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

"बोलावणं आल्यावर आठवडासुद्धा मिळत नाही," मी म्हटलं. "तेव्हा काय तुझ्याकडून भूल घेऊन जाईल ती?"

शुक्रवारी मी लेकीला शाळेतून परस्पर दुकानात नेलं आणि काळे बूट घेतले. शनिवारी मटकीला मोड आले की नाही ते तीनदा बघितलं. रविवारी सकाळपासून माणसं यायला लागली. लंडनच्या पार दुसऱ्या टोकाच्या इल्फर्डहून मंडळातले काका आले, रिटायर्ड सर्जन, सत्तरी कधीच उलटलेली. रुळांची कामं चालू असल्याने अर्धा रस्ता बसने आले, आणि तरी टाय लावून आले. माझी जीपी मैत्रीण खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन आली. बाकीचे आले. किचन, पुढची खोली, मागची काचेची कन्झर्व्हेटरी, वरच्या बेडरूम, सगळ्या दारांवर मी कार्डं चिकटवली होती. आठवं स्टेशन म्हणजे वरची बॉक्सरूम, इस्त्रीचं टेबल आणि रिकाम्या बॅगांची. तिथे नाटक होतं, आणि नट अर्थातच मी. कॉलेजात असताना एकांकिका केल्या आहेत मी, उगाच नाही.

वेळ सांगायला मी देवघरातली घंटा घेतली. मोबाइलचा अलार्म खालपर्यंत ऐकू जात नाही. पहिल्यांदा वाजवली तेव्हा किचनमध्ये काकांनी सवयीने हात जोडले, आणि सगळं घर हसलं. लेकही हसली. मला वाटलं, काय छान चाललंय!

मी जिन्याच्या कठड्याला टेकून प्रत्येक शब्द टिपत होते. आकडेमोड तिने पटकन केली. मैत्रिणीच्या स्टेशनवरही ती छान बोलली. मग किचनमधून काकांचा आवाज आला, "डॉक्टर का व्हायचं आहे तुला?" याचं उत्तर आम्ही महिनाभर घोटलं होतं. आजोबांचं आजारपण, म्हाताऱ्यांच्या केअर होममधली तिची शनिवारची सेवा, सगळं ओळीने. आणि ही बया म्हणते काय, "आधी वाटायचं, मला माहीत आहे."

मी वरून दातओठ खाल्ले. काका नुसते "हं" म्हणाले. पुढचं काही ऐकू आलं नाही. मी घंटा जरा लवकरच वाजवली.

शेवटी ती वर आली. मी बॉक्सरूममध्ये खुर्चीवर बसले, हातात रुमाल, घंटा मांडीवर. कार्डावर लिहिलं होतं: शेजारीण सुट्टीला गेली असताना तिची मांजर तुमच्या गाडीखाली आली, शेजारीण परत आली आहे, तिला सांगा. बाहेर कार्ड वाचण्यापुरती शांतता, मग दारावर टकटक. नव्या बुटांचा आवाज करत ती आत आली. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली, फार जवळ नाही, फार लांब नाही, अगदी शिकवल्यासारखी.

मी माझ्या सर्वांत गोऱ्या इंग्लिशमध्ये सुरुवात केली, "हॅलो डिअर! माझी मांजर कुठे दिसत नाही!"

ती मराठीत म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

"इंग्लिशमध्ये!" मी दबक्या आवाजात फटकारलं.

तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "बातमी चांगली नाहीये. तुम्ही तयार आहात का? का कोणाला बरोबर बसवू?"

मला कधी तुम्ही म्हणत नाही ती. जन्मापासून मी तिची अगं आई. मला वाटलं, वा, काय भूमिकेत शिरली आहे पोरगी! मी रुमाल नाकाला लावला.

"चौथ्या कॉलेजचं उत्तर आलं," ती म्हणाली. "त्यांनी इंटरव्ह्यूला बोलावलं नाही. आता कुठलंच उरलं नाही. सॉरी."

आणि ती गप्प बसली. वाईट बातमी सांगितल्यावर लगेच बोलायचं नसतं, समोरच्याला वेळ द्यायचा असतो. हे मीच तिला वाचून दाखवलं होतं.

आता खरं सांगते, आणि सांगताना आजही मान खाली जाते. एवढ्या वेळात मी काय बोलावं? सतरा वर्षांचं माझं लेकरू समोर बसलंय, गुडघ्यांवर हात ठेवून, ओठ घट्ट मिटून. आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, खाली सगळी बसली आहेत! आता मी त्यांना काय सांगू?"

ती हलली नाही. म्हणाली, "तुमच्यासाठी हे किती कठीण आहे, मला दिसतंय. पाणी आणू का?"

अगं बाई गं! कानाखाली कोणी वाजवली असती तरी बरं वाटलं असतं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, ते मला येतं. ती खरंच विचारत होती. मी मान हलवली, नको म्हणून. की हो म्हणून, कोण जाणे. घंटा माझ्या मांडीवरच होती. ती उठली, माझ्या मांडीवरून घंटा उचलली, दार उघडून एकदा वाजवली आणि खाली गेली.

मी तिथेच बसून राहिले. आमच्या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या, खालचं सगळं ऐकू येतं. तिने सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. त्याच आवाजात, न घाईत न रडत, सांगितलं की चारही ठिकाणांहून नाही आलंय, तुम्ही आपला रविवार दिलात, थँक यू, आणि मिसळ तयार आहे. आवाज फक्त मिसळीवर थोडा हलला. काका म्हणाले, "असं. मग आता जेवायला हरकत नाही." आणि कोणीतरी गॅस पेटवल्याचं ऐकू आलं.

मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. आधी वाटली ती लोकांची लाज होती. माइकवरचा पुकारा, हळदीकुंकवातलं माझं मिरवणं, आता या सगळ्यांसमोर तोंड कसं दाखवू ही लाज. तिचं मी काय करणार, ती माझ्या ओळखीची आहे. पण तिच्याखालून दुसरी वर यायला लागली. पोर एकटी खाली उभी राहून माझी बाजू सावरत होती, आणि मी बॅगांमध्ये रुमाल धरून बसले होते, न मेलेल्या मांजरीची मालकीण.

खाली गेले तेव्हा नवरा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, आणि ती वाट्यांमध्ये फरसाण घालत होती. त्याचे डोळे लाल होते. मैत्रीण माझ्याजवळ आली, माझ्या हातातला रुमाल काढून घेतला आणि त्यात दोन वड्या गुंडाळून परत दिल्या. तिच्या मुलाच्या तीन कॉलवर मी महिनाभर मनात जळत होते, आणि ही बाई माझ्यासाठी वड्या राखून ठेवत होती. मी तिच्याकडे बघूच शकले नाही. निघताना काका बुटांची नाडी बांधता बांधता म्हणाले, "पोरीचं उत्तर मला आवडलं हो. पुढच्या वर्षी परत भरेल अर्ज, नाहीतर नाही भरणार. तिला विचारा." तिला विचारा! जणू काही ते मला सुचायला इल्फर्डहून सर्जन यावा लागतो.

सगळे गेल्यावर ती सिंकपाशी भांडी विसळत होती आणि मी पुसत होते. शेवटची वाटी पुसताना मी विचारलं, "कधी आलं उत्तर?"

"शुक्रवारी. शाळेतच. लंचच्या वेळी."

शुक्रवारी. म्हणजे मी गेटवर गाडीत हॉर्न वाजवत बसले होते, त्याच्या आधी. ती येऊन शेजारी बसली तेव्हा तिला माहीत होतं. दुकानात मी तिला तीन जोड घालायला लावले, चालून दाखव म्हटलं, वळून दाखव म्हटलं. आरशासमोर उभं करून दुकानातल्या मुलीला सांगितलं, "मेडिकलच्या इंटरव्ह्यूसाठी आहेत." तेव्हाही माहीत होतं.

"मला का नाही सांगितलंस गं?"

तिने खांदे उडवले. "तू किती खूश होतीस, आई."

मी खाली बघितलं. बूट अजून तिच्या पायांतच होते. सकाळपासून कोणी तिला काढ म्हटलंच नव्हतं. दुकानात ती एकदाच बोलली होती, "थोडे चावतात गं." आणि मी म्हटलं होतं, "इंटरव्ह्यूपर्यंत होतील सैल." तिने मान हलवली होती, आणि आणखी एक फेरी मारून दाखवली होती.