समासवाली सिस्टर

सिस्टरबद्दल काकांना खरं तर काहीच ठाऊक नव्हतं. ती कुठे राहते, घरी कोण आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही; विचारायची छातीच झाली नाही. तिचा पारा सकाळपासून चढलेला असे आणि बाकीच्या नर्सेस तिला पाठीमागे ‘समासवाली’ म्हणत, एवढीच काय ती माहिती.

काकूंना स्मृतिभ्रंश होता. वर्षभर त्या तिच्याच वॉर्डात होत्या. दुपार कलली की त्या बेचैन होत, दार खडखडवत, ओरडत. अशा रुग्णांवर आठ आठवड्यांची एक चाचणी चालू होती. खालच्या मजल्यावर गोळी. वरच्या मजल्यावर, म्हणजे काकूंच्या, गोळीऐवजी रोज अर्धा तास रुग्णांचे हात चोळायचे. तासातासाला तक्त्यात खूण करायची, ‘अस्वस्थ’ नाहीतर ‘शांत’. हात चोळून भागलं नाही तर काकूंनाही गोळी सुरू होणार होती. गोळीवाली माणसं काकांनी पाहिली होती. हनुवटी छातीवर, हाक मारली तरी डोळा उघडत नाही. काकांच्या जिवाला तोच घोर लागला होता.

दोन्ही मजल्यांचे तक्ते सिस्टरच्याच गळ्यात होते.

“झोपलेल्या माणसाला शांत कसं म्हणायचं, मॅडम?” तिने चाचणी घेणाऱ्या डॉक्टरबाईंना विचारलं.

“रकाने दोनच आहेत, सिस्टर. मध्येच तक्ता बदलता येत नाही.”

“मग ही भिंतही शांतच आहे. तिचाही तक्ता भरू का?”

तेव्हापासून ती खालच्या मजल्याच्या तक्त्यांवर समासात लिहू लागली: ‘झोपली आहे. शांत नाही.’ पानोपानी तेच.

एकदा काकांनी धीर केला. “सिस्टर, हिच्या अस्वस्थच्या खुणा जरा... म्हणजे, हात आखडता घेऊन...”

“काका, खोट्या खुणांनी हात चोळणं जिंकलं, तर उद्या शंभर जणांचे हात फुकट चोळत बसायचं का आम्ही? आणि खरं सांगू? यांना चोळून काडीचा फरक पडत नाहीये.”

तिने तक्ता त्यांच्या नाकासमोर धरला. एखाद्या दिवशी अस्वस्थच्या सहा खुणा, एखाद्या दिवशी दोन. सहावाल्या प्रत्येक दिवशी समासात दोनच शब्द होते: ‘नवरा आला.’

“मी? मी काय केलं?”

“त्या म्हणतात, आई वाट बघतेय, निघते. तेव्हा तुम्ही काय म्हणता?”

“हेच, की तुझी आई जाऊन तीस वर्षं झाली. खोटं कसं बोलू?”

“येता तेव्हा दर वेळी त्यांची आई मारता तुम्ही! आणि वर मलाच सांगता, खुणा कमी करा!”

दुसऱ्या दिवशी काकू पिशवी शोधू लागल्या, तेव्हा काकांनी जीभ आवरली आणि विचारलं, “काय करत असेल गं आई आत्ता?”

“काय करणार? माझ्या नावाने खडे फोडत असेल,” काकू म्हणाल्या आणि पलंगावर टेकून आईच्या तक्रारी सांगत बसल्या.

त्या दिवशी खुणा तीन.

“लगेच हुरळू नका,” सिस्टर म्हणाली. “एका दिवसाने काही कळत नाही.” पुढे तीन आठवडे खुणा तिनाच्या वर गेल्या नाहीत, तेव्हाही ती हेच म्हणाली.

चाचणीचा निकाल गोळीच्या बाजूने लागला. समास कुणी वाचलाच नव्हता. सिस्टर सगळी पानं घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत घुसली. “झोप मोजलीत तुम्ही, झोप!” हा आवाज जिन्यापर्यंत आला. निकाल काही बदलला नाही. वैतागून डॉक्टरांनी काकूंच्या तक्त्यावर तेवढं लिहून दिलं: ‘गोळी तूर्त नको.’

त्याच आठवड्यात तिची बदली झाली. काकांना ते नंतर कळलं. आदल्या दिवशी ते घरी निघाले तेव्हा तिने त्यांना दारातच गाठलं होतं.

“काका, काकूंची नखं वाढलीत. उद्या नेलकटर आणा.”

“लहान आणू की मोठा?”

“कुठलाही आणा हो!”