उद्यानातून दिसणारा पूल

सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या उद्यानातून तिथला प्रसिद्ध लाल पूल दिसतो की नाही? या प्रश्नाचा आमच्या शेजारच्या सरांइतका पिच्छा साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात कोणी पुरवला नसेल. खुद्द त्या शहरात तरी कोणी पुरवला असेल, याची मला खात्री नाही.

सर भूगोल शिकवीत आणि मी गणित. एखादी गोष्ट कुठून दिसते यापेक्षा ती कुठून दिसत नाही, याचे त्यांना विलक्षण आकर्षण. लग्नात अक्षता टाकायच्या सोडून ते मांडवाच्या खांबामागे जात आणि नवरदेव नेमका कुठे झाकला जातो, ते तपासत. एकदा कुंताला धबधब्याच्या सहलीत त्यांनी नेरडीगोंड्याजवळ हमरस्त्यावरच बस थांबवली आणि भर उन्हात मुलांना विचारले, "धबधबा इथून काऊन दिसत नाही? मधे काय हाय?" मुलांची उत्तरे होईतो चालकाची झोप पुरी झाली, आणि धबधबा आम्हाला जेमतेम पाहायला मिळाला.

त्यांची एकुलती एक मुलगी त्या शहरात राहते. दर रविवारी पहाटे तिचा फोन येतो; तिकडे तेव्हा शनिवारची दुपार असते. "बाबा, उद्यानात तळ्याकाठच्या बाकावर बसली आहो. समोर पूल दिसून राह्यला." पूर्वी जावईही बोलत, अलीकडे ते नेहमी बाहेर गेलेले असतात, आणि फोनचा कॅमेरा बिघडलेला असतो. सरांनी मात्र तो पूल सबंध गल्लीला ऐकवला. मग एके दिवशी त्यांनी उंचीच्या रेषा असलेला नकाशा काढला आणि पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आले.

"तुमी गणितवाले. माहं कुठं चुकलं ते दाखवा."

मी दोनदा पडताळून पाहिले. चूक नव्हती. तळे आणि पूल यांच्यामध्ये उंचवटा होता, झाडी होती, घरे होती.

"मग तिलाच विचारा ना, सर."

"काय विचारू? बापापाशी खोटं काऊन बोलून राह्यली, असं? पूल नाही दिसत, चालते भाऊ. पण मंग थे एकटी बसून पाहते काय?"

तेव्हापासून सर त्या उद्यानात अशी एक जागा शोधत आहेत, की जिथून त्यांची लेक खरी ठरेल. तळ्याच्या मधोमध एक टेकडी आहे. ती सापडली त्या रविवारी मी त्यांच्याच ओसरीवर बसलो होतो. फोन मोठ्या आवाजावर होता.

"पोरी, तू टेकडीवर चढून बसत असशीन, नाही का?"

मग ती म्हणाली, "हो बाबा. टेकडीवरच."

"मंग बरोबर हाय. दिसन तिथून."

तिच्या मागे नळ वाहत होता आणि भांड्यावर भांडे आपटले. सरांनी ते ऐकले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. नकाशाची घडी मात्र फार सावकाश घातली.

हवा स्वच्छ असेल तर त्या टेकडीवरून पुलाच्या मनोऱ्यांचे शेंडे दिसावेत, एवढे मला नकाशावरून मान्य आहे. पण नकाशात धुके नसते, आणि वाढलेली झाडेही नसतात. म्हणून आपल्यापैकी कोणी तिकडे गेल्यास कृपया त्या टेकडीवर चढून उत्तरेकडे स्वतः पाहावे. पूल दिसतो का ते पाहावे. आणि तिथे बसायला बाक आहे का, तेही.