आबांची घरगाडी आणि हवेचा चोर

माडावरून नारळ पडला, तर आमचे शेजारी आबा आधी माझ्याकडे बघत, मग माडाकडे. "आपोआप काही पडत नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जन्म बोटीच्या इंजिनखोलीत काढून हा माणूस लांज्याजवळच्या आमच्या वाडीत परतला आणि वाडीने त्यांचं नाव 'संशयआबा' ठेवलं.

झोपायची सोय असलेली जुनी मोटारहोम त्यांनी घेतली ती बायकोसाठी, म्हणजे आमच्या काकूंसाठी. काकूंना बसून प्रवास झेपत नसे, आणि अंथरूण जरा कलतं झालं की गरगरायचं. कोल्हापूरला लेकीचं बाळंतपण जवळ आलेलं. पहिलटकरीण, "आई कधी येतेय?" म्हणून रोज फोनवर रडायची. गाडीच्या चारही कोपऱ्यांना हवेचे फुगे होते. इंजिन चालू ठेवून बटण दाबलं की ते हवे तसे फुगत, गाडी समतल होई आणि हिरवा दिवा लागे. आबांचा त्या दिव्यावर काडीचा विश्वास नव्हता. "दिव्याला काय जातंय हिरवं व्हायला?" म्हणत ते ताटात पाणी ओतून बघायचे.

एका सकाळी मागचा डावा कोपरा बोटभर बसला. गारव्याने हवा थोडी आकसते, बटण दाबलं की झालं. पण आबा आमच्या मधल्या दगडी गडग्यावरून ओरडले, "हवा कोणी सोडली रे?"

"मी कशाला सोडू, आबा?"

"तुझं नाव घेतलं का मी? मग तूच कसा बोललास?"

घ्या! माझ्याकडूनच सायकलची जुनी साखळी मागून नेली, त्या फुग्याच्या हवेच्या नळीला आवळून बांधली आणि वर कुलूप ठोकलं. चाकाभोवती राख पसरली, पावलं उमटावीत म्हणून. उमटली ती मांजराची. "मांजर कोणाचं?" आबांनी विचारलं. माझंच होतं.

कोपरा मात्र रोज जास्तच बसू लागला आणि निघणं लांबत गेलं. शेवटी काकू कडाडल्या, "तुमचा चोर सापडेपर्यंत नातवंड शाळेत जाईल! बोटीवर गळती शोधायला फेस लावायचात ना? लावा की!"

आबांनी रिठ्याचा फेस केला आणि गाडीखाली शिरले. बुडबुडे आले ते नेमके साखळीखाली. इंजिनाच्या हादऱ्यांनी साखळी घासून नळी फाटली होती. आबा गाडीखालून बाहेर आले. मग म्हणाले, "साखळी तुझीच ना रे?"

मी हात जोडले. आबांनी फाटका तुकडा कापून नळी जोडली आणि दोघं दुपारीच निघाली. जाताना घराची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "दुसरी माझ्याकडे आहे, लक्षात ठेव."

काकू वेळेवर पोचल्या, नात झाली. नातीच्या लोभाने दोघं तिकडेच राहिली. रोज सकाळी आबांचा फोन: "नारळ किती पडले? खरं सांग." मला वैताग यायचा. पावसाळ्यात त्यांचं हृदय थकलं आणि फोन थांबले.

आबांचं दिवसकार्य झाल्यावर काकूंचा फोन आला. दवाखान्यात काकूंना इथल्या घराची काळजी लागली होती, तेव्हा आबा म्हणाले होते, "तो आहे ना तिथे. मग बघायला नको."

आबा, हे मला एकदा तोंडावर सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?