गाडीच्या डोक्याला नैवेद्य

मी गुराढोरांची डॉक्टर. राहते अहमदपूरला, आणि आसपासच्या खेड्यांतून फोन आला की गाडी काढून निघते. माझा पेशंट बोलत नाही आणि त्याचा मालक नको तेवढं बोलतो, त्यामुळे माझं तोंड फाटकं झालंय असं घरचे म्हणतात. खोटं कशाला बोलू, झालंय.

गाडी जुनी, डिझेलची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. औषधांची पेटी, सलाइनच्या बाटल्या, दोरखंड असा सगळा संसार भरून चढाला लागली की मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न द्यायचा. ट्रॅक्टर! शेवटी कुणीतरी सांगितलं, नांदेडला एकजण लॅपटॉप लावून गाडीची ताकद वाढवून देतो. माझा विश्वास बसला नाही, तरी गेले. त्या माणसाने एकही नट खोलला नाही. स्टेअरिंगखाली वायर जोडली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि दीड तास नुसता बोटं चालवत बसला.

‘‘नक्की केलं काय तुम्ही?’’ मी विचारलं.

‘‘मॅडम, गाडीला एक डोकं असतंय. डिझेल किती द्यायचं, कधी द्यायचं, ते ठरवतंय. कंपनीवाले त्याला आवळून बांधून ठेवतेत. मी दावं जरा सैल केलं, बस्स.’’

लोहा मागे पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला आणि मी पाय दाबला. अगं आई गं! पाठ सीटला चिकटली. मी एकटीच होते आणि एकटीच ओरडले. पुढचा चढ कधी संपला ते कळलंच नाही. मग मला राहवेना. गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं आणि आत बघत उभी राहिले. तीच धूळ, तोच तेलाचा डाग, मीच कधीतरी गुंडाळलेली तीच चिकटपट्टी. बदललं होतं ते डोळ्यांना दिसतच नव्हतं. इतकी वर्षं मी मुक्या जनावरांच्या पोटात हात घालते, आत काय चाललंय ते बोटांनी ओळखते. पण या लोखंडाच्या आतही असं काहीतरी ठरवणारं बसलंय, हे कधी मनात आलं नव्हतं. अंगावर काटा आला, खरंच सांगते.

घरी आल्यावर हे सगळं समोरच्या काकांना सांगितलं, आणि चूक तिथेच झाली.

काका म्हणजे आमच्या समोरचे किराणा दुकानवाले. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि आवाज असा की दुकानातून बोलले तरी गल्लीच्या टोकाला भाव कळतो. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात नारळ फोडत नाहीत. काकांना हे पक्कं ठाऊक आहे. पण शाळेत जाताना माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवणारा माणूस तो; त्याला नको म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.

‘‘नारळ माझा, हात माझा, तू नुसती हुबी ऱ्हा,’’ काका म्हणाले. नवी गाडी असती तर चाकापुढे नारळ फुटला असता आणि विषय संपला असता. पण गाडी जुनी होती, नवं होतं ते आतलं. ‘‘डोकं नवं झालंय म्हणतीस, मग पूजा बी डोक्याचीच. उघड ते. कुठं हाय डोकं?’’

मी बोनेट उघडून बॅटरीशेजारची पेटी दाखवली. तिला लागूनच फ्यूजची काळी डबी. काकांनी नारळाचं पाणी ओंजळीत घेऊन दोन्हींवर भक्तिभावानं शिंपडलं, हळदकुंकू लावलं आणि डबीच्या झाकणावर पेढा ठेवला. मी तो उचलायला गेले तर हातावर चापट बसली. ‘‘नैवेद्य लगेच उचलू नये. खाऊ दे की त्याला!’’

मी हसले, पेढ्यासकट बोनेट लावलं आणि विसरून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला नुकताच येऊन गेला होता, फोन वाजला. शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावरच्या एका गावातली म्हातारी. एकटी राहते, घरात ती आणि तिची म्हैस. ‘‘बाई, म्हैस पहाटेपासून कळा देऊन राहिली. पिशवी न्हाई, पाणी न्हाई, काहीच भायेर येईना. उठती, बसती, माझ्याकडं बघती. ये ना माय लवकर.’’

मला ऐकूनच कळलं, गर्भाशयाला पीळ पडलाय. पीळ पडला की रेडकाला मिळणारं रक्त कमी कमी होत जातं. तासाभराने पोचलं तर रेडकू मिळतं, तीन तासांनी पोचलं तर कधी म्हैसही जाते.

पेटी टाकली, चावी फिरवली, सेल मारला. खर्र, खर्र, खर्र. इंजिन जोमात फिरत होतं, पण पकडत नव्हतं. पुन्हा मारला. पुन्हा तेच. परवा विमानासारखी उठलेली गाडी, आज ढिम्म!

गल्लीतल्या दोन गाड्या लग्नाला गेलेल्या. काकांचा टेम्पो माल आणायला लातूरला. म्हातारीने शेजाऱ्याची मोटारसायकल पाठवते म्हटलं, मी हो म्हटलं, पण ती येऊन मला घेऊन पोचायची म्हणजे दीड तास गेला. मी नांदेडच्या माणसाला फोन लावला आणि त्याने हॅलो म्हणायच्या आत तोंडाचा पट्टा सोडला. दावं सैल केलंत की गळफास लावलात? चांगली चालती गाडी, बसवलीत ना शेवटी!

तो शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, शिव्या नंतर द्या. व्हिडिओ लावा आणि चावी फिरवा. सेल नका मारू. काचेखाली पिवळा इंजिनचा दिवा पेटला का?’’

बाकी सगळे दिवे पेटले होते. तो एक नव्हता.

‘‘मग डोक्यात मी टाकलेली फाइल उडाली असंल. टोचन करून नांदेडला आणा, परत टाकून देतो.’’

टोचन! म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत न्यायची! पुन्हा शिव्या देणार होते. पण तेवढ्यात डोक्यात काहीतरी हललं. जनावर डोळ्याची पापणी हलवत नसेल तर मी आधी मेंदूला दोष देत नाही. आधी बघते, डोक्यापर्यंत रक्त पोचतंय का.

‘‘फाइल बिघडली तरी दिवा पेटायला नको का?’’ मी विचारलं. ‘‘डोकं फिरलेलं माणूस बडबडतं तरी. हे तर डोळाच उघडेना.’’

‘‘बरोबर हाय,’’ तो म्हणाला. ‘‘डोक्याला करंटच मिळत नसंल. मॅडम, फ्यूजची डबी उघडा. एका माणसाला चावीवर बसवा.’’

गोंधळ ऐकून काका बनियनवरच आले होते. त्यांना सीटवर बसवलं. डबीच्या झाकणाला आतून नकाशा असतो. त्या माणसाने तो बघून सांगितलं, हा मोठा फ्यूज काढा, बघा, तार शाबूत आहे? होती. आता त्याच्या शेजारचा काळा चौकोनी ठोकळा, तो रिले. चावी फिरली की तो आतून टिक करतो आणि डोक्याकडचा रस्ता उघडतो. त्यावर बोट ठेवा.

बोटाला काही नीट कळेना. मग मी गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावला आणि नळीचं टोक त्या ठोकळ्यावर ठेवलं.

‘‘काका, फिरवा.’’

शेजारच्या रिलेवर स्वच्छ टिक ऐकू आलं. या रिलेवर आलं ते दबकं, ओलं, घशात काही अडकल्यासारखं. मी तीनदा ऐकलं. फोनवरचा माणूस ओरडला, ‘‘मॅडम, तुम्ही स्टेथोस्कोपनं ऐकून राहिल्या? बाबौ! पंधरा वर्षं झाली या धंद्यात, हे न्हाई पाहिलं कधी!’’

मी रिले उपटला. खालच्या भोकांतून मुंग्या बाहेर पडल्या.

एक नाही, दोन नाही. लाल, बारीक, शिस्तीत. त्यांची रांग डबीच्या कडेने, बॅटरीखालून, पार मडगार्डच्या फटीत गेली होती. बाजूला काढलेल्या झाकणाच्या खाचेत पेढ्याचा सुकलेला तुकडा आणि नारळाच्या पाण्याचा चिकट डाग. जिने गाडी अडवली ती मुंगी माझ्या नखावर चढली, मिशा हलवल्या आणि उतरली. एवढं मोठं लोखंड, त्यातलं ते न दिसणारं डोकं, नांदेडची ती सगळी विद्या, आणि मध्ये ही! घाई होती, म्हैस मरणाच्या दारात होती, तरी क्षणभर मी तिच्याकडे बघतच राहिले. काय म्हणावं याला?

‘‘हॉर्नचा रिले सेम असतोय,’’ फोनवरून आवाज आला. ‘‘तो काढा, इथं लावा. हॉर्न वाजणार न्हाई, पण गाडी जाईल.’’

लावला. काकांनी चावी फिरवली आणि पिवळा दिवा पेटला. मग सेल मारला, आणि गाडी पहिल्या झटक्यात बोलली. मी फोनमध्ये एवढंच म्हणू शकले, ‘‘दादा, चुकलं माझं.’’ तो म्हणाला, ‘‘आधी म्हैस बघा.’’

काका उतरले होते. बोनेट पाडायला आले आणि त्यांनी तो पेढ्याचा तुकडा बघितला. मुंग्याही बघितल्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते दुसऱ्या बाजूने येऊन गाडीत बसले, तसेच, बनियनवर. दुकान उघडंच होतं.

त्या दिवशी गाडी काय पळाली म्हणून सांगू! हॉर्न नव्हता, ती कसर काकांनी भरून काढली. अर्धं अंग खिडकीबाहेर काढून ते गर्जत होते, ‘‘सरका! सरका रे! डाक्टरीण बाई हाय! म्हैस अडलीया!’’ शेळ्या पांगल्या, सायकली खाली उतरल्या, समोरून येणारी एस.टी.सुद्धा कडेला झाली. ज्या चढावर मला ट्रॅक्टर हॉर्न द्यायचा तो आला कधी आणि गेला कधी! वाटेतच म्हातारीने धाडलेली मोटारसायकल भेटली. तिला हात केला, ती वळून मागे लागली आणि मागेच राहिली.

म्हैस गोठ्यात आडवी होती. हात घातला. पीळ उजवीकडचा, पक्का. पण बोटांना रेडकाचा पाय लागला, चिमटा काढला तर त्याने पाय ओढून घेतला. जिवंत होतं!

यावर आमच्याकडे एकच उपाय. म्हशीच्या पोटावर लांब फळी ठेवायची, फळीवर वजनदार माणूस उभा करायचा, म्हणजे रेडकू जागचं हलत नाही, आणि पाय बांधलेली म्हैस सगळ्यांनी मिळून पीळ आहे त्याच बाजूला लोळवायची. गावातले चौघे आले, पण सगळे वाळकुडे. मी काकांकडे बघितलं.

‘‘माझ्यानं तिला काही झालं तर?’’ काका म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका लहान ऐकला.

‘‘तुमच्याशिवाय नक्की होईल. चढा.’’

चढले. दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून, डोळे मिटून, ओठांत शिवाचं नाव घेत उभे राहिले. एकदा लोळवली, पीळ तसाच. दुसऱ्यांदा जरा सैल. तिसऱ्यांदा माझ्या हाताभोवतीची ती आवळलेली गाठ अलगद उलगडली आणि कोपरापर्यंत कोमट पाणी आलं.

रेडकू ओढून काढलं तेव्हा ते श्वास घेत नव्हतं. नाक पुसलं, गवताची काडी नाकात फिरवली, चोळलं. नाहीच. काका गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी त्याची छाती चोळू लागले. ‘‘घे की रे, घे की. माझ्या पेढ्यापायी जाऊ नको रे राजा.’’ आणि ते शिंकलं! सगळा चिकटा काकांच्या भस्मावर उडाला. काका तसेच मातीत बसून हुंदके देऊन रडले. म्हातारीला कळेना की हा अनोळखी माणूस आपल्या म्हशीसाठी एवढा का रडतोय.

रेडा नव्हता, रेडी होती. अर्ध्या तासात उभी राहून आचळाला लागली.

आम्ही निघालो तेव्हा म्हातारी ताटलीत हळदकुंकू आणि गुळाचा खडा घेऊन धावत आली. ‘‘गाडी वेळेवर आली म्हणून माझी म्हैस वाचली. हिच्या तोंडी गूळ घालते,’’ म्हणत ती बोनेटकडे वळली. मी काही बोलायच्या आत काकांनी तिचा हात धरला.

‘‘तिथं नको, माय,’’ ते म्हणाले. ‘‘मी पेढा घातला होता तिथं. डोकं तिथं न्हाई.’’

त्यांनी ताटलीतला खडा उचलला आणि लहानपणी हातावर ठेवायचे तसा, पण या वेळी सरळ माझ्या तोंडात घातला. घरातलं पाणी म्हशीला पाजण्यात संपलं होतं, माझे हात अजून कोपरापर्यंत भरलेले होते, डोळे पुसायचीही सोय नव्हती. मी गूळ चघळत, रडत, तशीच गाडीत बसले. चावी शेजारून काकांनी फिरवली.