अठ्ठ्याहत्तर डिग्रीचं घर

वाचकहो, भुताखेतांच्या हकिकती सांगणाऱ्यांना मी आजवर सरळ मूर्ख म्हणत आलो. आज त्यांच्याच पंगतीत पाट मांडून बसायची वेळ माझ्यावर आली आहे आणि त्याचा मला भयंकर राग येतो. हसायचं त्यांनी खुशाल हसावं... निदान मी खोटं सांगणार नाही.

मी सडकेच्या कामावर ओव्हरसियर होतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा मुलूख माझ्याकडे. आगगाडी कल्याणास येऊ लागून एक पिढी उलटली होती, तेव्हाची ही गोष्ट. माझी बायको उमा हिला दमा. एकदा पौषाच्या थंडीत आणि एकदा आषाढाच्या ओलीत तिला असे झटके आले, की दोन्ही वेळा पोटातलं मूल गेलं. तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरांनी बजावलं, "औषधांवर विसंबू नका. बाराही महिने हवा सारखी राहील असं घर बघा. थंडी नको, उकाडा नको, ओल तर नकोच."

घर निवडायला लोक पत्रिका काढतात, मी थर्मामीटर काढला. ठाण्याच्या खाडीवरची दोन घरं पाहिली, सकाळ-दुपारच्या हवेत जमीन-अस्मानाचा फरक. कल्याणात तळ्याकाठी एक पाहिलं, तिथे भिंतींना हात लावला की हात ओला. शेवटी शीळच्या फाट्यावरून कल्याणकडे येताना अर्ध्या कोसावर, डोंगराच्या पायथ्याशी, हे घर सापडलं. कौलारू, तीन खणांचं, कुणा परक्या ठेकेदाराने बांधून तसंच रिकामं सोडलेलं. फाल्गुनातल्या भर दुपारी बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत फॅरनहाइटच्या अठ्ठ्याहत्तर डिग्री, अंगाला अगदी सुखाच्या! पहाटे जाऊन पाहिलं, तरी अठ्ठ्याहत्तर. मी तिथल्या तिथे घर ठरवलं.

जागेचा मालक पदू पाटील, खालच्या आगरी वस्तीतला. तोच नको म्हणू लागला. "सायब, आमी घर बांधाचे आधी जागेवर गाय सोरतो. ती बसली, रवंथ केला, तरच पाया खणतो. या अंगणान एक गाय बसत नाय."

"तुझ्या गाईला डिग्री कळतात का रे?" मी विचारलं. त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली. मला माझीच फार हुशारी वाटली तेव्हा.

आम्ही राहायला आलो तेव्हा उमाला पाचवा महिना होता. पदूची बायको धर्मी सुईणपण करायची. तिने पोटाला हात लावून पाहिलं आणि आषाढात बाळंतपण होईल म्हणाली. वैशाख पेटला तरी आत अठ्ठ्याहत्तरच. उमा रात्रभर आडवी होऊन झोपू लागली. चार वर्षांत मी तिला तसं झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी डॉक्टरांना मोठ्या ऐटीत पत्र पाठवलं.

फक्त दही लागत नव्हतं. उमा रोज सांगायची, "अहो, विरजण लावते, पण सकाळी दूध तसंच." मी गवळ्याला शिव्या घातल्या. वैशाखात माजघरात पेंढ्यात आंब्याची आढी घातली, ती पिकेना. मी आंबेवाल्यालाही शिव्या घातल्या. आणि आषाढ सरला तरी उमाचं पोट काही पुढे येईना, तेव्हा मी उमालाच बोललो, की बायकांना साधे महिने मोजता येत नाहीत. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

श्रावणात धर्मी आली. तिने पुन्हा पोट चाचपलं आणि हात मागे घेतला.

"सायब, रागावू नको. फाल्गुनान पाचवा होता. आज पन पाचवाच हाय. या घरान दिस चढत नाय."

मी अंगावर धावून गेलो. "चालती हो! पुन्हा उंबरा चढलीस तर बघ!"

ती गेली, पण जाताना आढीतला एक आंबा उचलून घेऊन गेली. तीन महिने पेंढ्यात पडलेला, तरी दगडासारखा हिरवा. चौथ्या दिवशी ती भर पावसात परत आली आणि उंबऱ्याबाहेरूनच तिने हात पुढे केला. आंबा पिवळाधमक पिकला होता. श्रावणात! त्याचा वास अंगणभर झाला. मी आत जाऊन पेंढा उपसला. बाकीचे सगळे हिरवेगार होते, एकही सडलेला नाही.

उमाने तो आंबा हातात घेतला आणि म्हणाली, "आपण आजच निघायचं."

"बाहेर धो धो पाऊस आहे. तुझा श्वास..."

"इथे श्वास आहे हो, पण मूल नाही. तुम्ही थर्मामीटर बघत बसा. मी चालले."

आयुष्यात पहिल्यांदाच ती माझ्याशी असं बोलली. बैलगाडीत आम्ही तिला घोंगडीत गुंडाळून कल्याणला नेलं. वाटेतच खोकल्याची उबळ आली. मी गाडी फिरवा म्हणालो, तर तिने माझा दंड असा धरला, की बोटांचे वळ दोन दिवस राहिले.

कल्याणच्या बिऱ्हाडात दुसऱ्याच दिवशी दही लागलं. भाद्रपदात पोट दिसू लागलं आणि मार्गशीर्ष संपता संपता मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. पौषाच्या पहिल्या थंडीत उमा गेली. शेवटच्या झटक्यातही तिने मुलीला कुशीतून काढू दिलं नाही.

डॉक्टर म्हणतात, महिने मोजण्यात चूक झाली. झाली असेल! मग आंब्याचं काय, विचारलं की ते खिडकीबाहेर बघतात. मला त्या घराचा राग आहे, डॉक्टरांचा आहे, स्वतःचा तर सगळ्यात जास्त. कारण एक गोष्ट मला सुखाने जेवू देत नाही... मी तिला तिथून हलवलं नसतं, तर ती आजही तिथे शांत झोपली असती. पाचव्या महिन्याची. दर वर्षी, पाचव्या महिन्याची.

मध्यंतरी काम पाहायला त्या बाजूला गेलो होतो. मुलगी आता चार वर्षांची आहे, हट्टाने बरोबर आली. घर तसंच उभं. थर्मामीटर घेऊन आत गेलो. अठ्ठ्याहत्तर. कोपऱ्यातल्या पेंढ्यात आंबे होते, हिरवे. मला तिथे जरा टेकावंसं वाटलं, खरंच वाटलं... मुलगी अंगणातच थांबली होती; बाहेर येऊन मी तिला म्हणालो, "बस गं इथे घटकाभर, बाबा येतो."

ती बसली नाही. माझ्या धोतराचा सोगा मुठीत धरून उभीच राहिली आणि मी चालू लागेपर्यंत तिने तो सोडला नाही.