माझी गोष्ट त्यांना आधीच माहीत होती

"आडनाव काय म्हणालात आपण?"

प्रकाशकांनी माईकवरून विचारलं. पुण्यात डेक्कनजवळचं सभागृह, मऊ खुर्च्या, गारठवणारा एसी. नव्या लेखकांसाठी शिबिर होतं. पुस्तक कसं छापून आणावं, आपलं पुस्तक प्रकाशकाकडे नेणारा एजंट कसा मिळवावा, वगैरे. प्रश्नोत्तरं सुरू झाली तशी मी उभी राहिले. नाव सांगितलं. फक्त नाव. प्रश्न साधा होता. मी एक रहस्य कादंबरी लिहिली आहे, मराठी रहस्यकथा एजंट घेतात का?

उत्तर नाही. आधी आडनाव.

मी सांगितलं.

"अच्छा, अच्छा." ते हसले. चांगलं, प्रेमळ हसू होतं. तेच जास्त लागलं. "अहो, मग आपण रहस्यकथा कशाला लिहिताय? आपल्याकडे तर अनुभवांचा खजिना असणार. तो लिहा. रहस्यकथा लिहायला बाकीचे आहेत."

लोक हसले. मग टाळ्या पडल्या. कुणीतरी मागून "वा" म्हणालं. आपण एका बाईला तिची जागा दाखवली असं त्यातल्या एकालाही वाटलं नसेल. आपण तिचा सन्मान केला असंच वाटलं असेल.

मंचावर तिघं होती. हे प्रकाशक. दिल्लीहून आलेल्या एजंटबाई. आणि मृण्मयी. माझी मैत्रीण. यशस्वी नवी लेखिका म्हणून बोलावलेली. तीही टाळ्या वाजवत होती. गाण्याच्या बैठकीत वाजवतात तशा, हळू, दोन बोटं तळव्यावर.

मी खाली बसले. पुढचा प्रश्न एका मुलाचा होता. त्याने मंगळावरची कादंबरी लिहिली होती. त्याने स्वतःच पूर्ण नाव ठणकावून सांगितलं. त्याला कुणी खजिना विचारला नाही. त्याला नीट उत्तर मिळालं. सारांश एका पानात बसवा. पहिली तीन प्रकरणं पाठवा. एजंटने आधी कुठली पुस्तकं घेतली ते बघून मगच मेल करा. घाई करू नका.

हे सगळं मी आधीच केलं होतं. सगळं.

मी हडपसरची. वडील कारखान्यात लेथवर होते. आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर. कडक इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ, तोंडात "नंबर प्लीज". आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात एकच ध्यास, शिकायचं. आणि आईला दुसराही एक ध्यास होता, रहस्यकथांचा. लायब्ररीतून पानं सुटलेली पुस्तकं आणायची. शेवटच्या प्रकरणाआधी थांबायची आणि मला विचारायची, "सांग, खून कुणी केला?" मी चुकले की पुस्तक मिटून ठेवायची. जेवण होईपर्यंत विचार कर म्हणायची. माझ्यावर वाङ्मयाचे संस्कार झाले ते हे.

आता मी वाघोलीला इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांना इंग्रजी संभाषण शिकवते. तिथेच एका सोसायटीत राहते, आई माझ्याजवळ असते. टँकर, पार्किंग, लिफ्ट यांवरून रोज भांडणं. त्या भांडणांतूनच कादंबरी निघाली. सोसायटीच्या सेक्रेटरीचा खून होतो. छडा लावते एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, कारण एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नाही. लिहिताना मला इतकी मजा आली की बसमध्ये एकटी हसायचे.

मृण्मयी विद्यापीठात एम.ए.ला माझ्या वर्गात होती. घर प्रभात रोडच्या सुखवस्तू वस्तीत. वाईट मुलगी नाही, हे मला सांगायचंय. डबा वाटून खायची, नोट्स द्यायची, मी आजारी असताना हडपसरपर्यंत आली होती. तिची पहिली कादंबरी आइसलँडमधल्या दीपगृहाच्या राखणदारावर. ती आइसलँडला गेलेली नाही. दीपगृह अलिबागच्या सहलीत बोटीतून पाहिलं होतं, लांबून. तिला कुणी म्हणालं नाही, अहो, आपण हे कशाला लिहिताय? तिच्या बाबतीत ती कल्पनेची झेप होती.

एजंट तिला शोधावा लागला नाही. एजंटबाई आणि तिची मावशी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. बाई पुण्याला आल्या, मावशीकडे जेवायला आल्या. अळूची भाजी आणि मसालेभात झाला. हात धुतल्यावर मृण्मयीने हस्तलिखित दिलं. झालं. पुढे रीतसर कागद हवा म्हणून बाईंनी सारांश मागितला, तेव्हा तिचा मला फोन आला.

"सारांश म्हणजे नक्की काय लिहितात गं?"

मी सांगितलं. नीट समजावून सांगितलं. तोवर मी इतके सारांश लिहिले होते की त्यावर क्लास काढला असता.

मला मात्र उत्तरं यायची ती अशी: "आपले लेखन प्रवाही आहे, परंतु आमच्या सध्याच्या नियोजनात बसत नाही." पुष्कळदा तेवढंही नाही.

मी जळले. हा शब्द मी मऊ करणार नाही. तिच्या पुस्तकाचा फोटो आला की सगळ्यांत आधी बदाम मी टाकायचे आणि मग फोन पालथा ठेवायचे. इंग्रजी अनुवाद होणार, बदाम. परदेशी महोत्सवाचं बोलावणं, बदाम. पुस्तकाच्या दुकानात तिची कादंबरी दारातल्या टेबलावर मांडलेली असायची. मी तिच्यावर लोणच्यांच्या पाककृतींचं पुस्तक ठेवून यायचे. पुढच्या खेपेला ती पुन्हा वर. मी पुन्हा लोणची ठेवायचे. ती चांगलं लिहिते, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. भिकार लिहीत असती तर मला झोप लागली असती.

तर, शिबिर संपलं. मी निघाले होते. मृण्मयी जिन्यात धावत आली.

"थांब ना! बाईंना तुला भेटायचंय. त्यांनी स्वतःहून विचारलं."

मी थांबले. अपमान विसरले होते म्हणून नव्हे. मला एजंट हवा होता. हाव होती. ती मी लपवत नाही.

शेजारच्या कॅफेत बसलो. बाईंनी माझ्यासाठी सँडविच मागवलं. मराठी चांगलं बोलत होत्या, मध्ये मध्ये इंग्रजी.

"तुमच्यात मला एक ऑथेंटिक व्हॉइस दिसतोय," त्या म्हणाल्या. त्यांनी माझी एक ओळही वाचलेली नव्हती. "मेमॉयर करू या, तुमच्या आठवणींचं पुस्तक. बाहेरचे दोन प्रकाशक एक्झॅक्टली हेच शोधतायत. आई काय करायची?"

"टेलिफोन खात्यात होती. ऑपरेटर."

बाईंचा चेहरा जरा पडला. "त्याआधी?"

"त्याआधी शाळेत होती."

"बरं. आजी?"

"आजी लोकांच्या शेतात कामाला जायची."

"बघा! तिथून सुरू करू." त्या पुढे सरकल्या. "आईचं थोडं धूसर ठेवता येईल. वाचकाला पहिल्या पानावर भूक दिसली पाहिजे."

"कुणाची?"

"तुमची."

माझ्या हातात सँडविच होतं.

"आणि माझी कादंबरी?" मी विचारलं.

"ती नंतर बघू. आधी तुम्ही कोण आहात ते वाचकाला कळू दे."

आता खरं सांगते. मी हो म्हणणार होते. शब्द जिभेवर आला होता. डोळ्यांपुढे ते दारातलं टेबल आलं, त्यावर माझं पुस्तक, माझा फोटो. कोण येऊन त्यावर लोणची ठेवणार? आईला काय, समजावता येईल. थोडं धूसर.

तेवढ्यात मृण्मयीने माझ्या हातावर हात ठेवला.

"अगं, घे ना. तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे तरी. आमच्या आयुष्यात काय झालंय? खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो."

हेवा. माझा.

एम.ए.ला असताना हडपसरहून रोज येण्यात जीव जायचा म्हणून मी खोली बघत होते. एका पेठेत मिळाली. मृण्मयी माझ्याबरोबर होती. घरमालकीणबाईंनी सरबत दिलं. खोली दाखवली. चावी माझ्या हातात दिली. मग विचारलं, पूर्ण नाव काय गं तुझं? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अय्या, विसरलेच मी. भाच्याला शब्द दिलाय." आणि उघडा तळवा पुढे केला. मी चावी त्या तळव्यावर ठेवली. जिना उतरताना मृण्मयी म्हणाली, "जाऊ दे गं, अंधारीच होती खोली." ती प्रभात रोडला आपल्या खोलीत गेली. मी बसच्या रांगेत उभी राहिले.

तिला सगळं कळलं होतं. आणि ती आज म्हणत होती, मला तुझा हेवा वाटतो. तो तळवा तिला हवा होता. पुस्तकासाठी.

मी हात काढून घेतला.

"हेवा मी तुझा करते, मृण्मयी," मी म्हणाले. "तुझ्या मावशीचा करते, तुझ्या खोलीचा करते. आणि सगळ्यांत जास्त कशाचा, ऐक. तू आइसलँडवर लिहिलंस आणि तुला कुणी तुझी आजी विचारली नाही. त्याचा. तू माझा हेवा करू नकोस. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे."

ती लालबुंद झाली. शेजारच्या टेबलावरचे लोक बघू लागले.

एजंटबाई म्हणाल्या, "इमोशनल होऊ नका. अशी संधी परत येत नाही."

"माझ्याकडे एक रहस्य कादंबरी आहे. वाचायची असेल तर आज पाठवते. दुसरं काही विकायला नाही."

मी उठले. सँडविच खाऊन संपवलं होतं. भूक लागली होती, साधी, दुपारची.

घरी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने पूर्ण ऐकलं. मी तिला धूसर करायला निघाले होते हेही ऐकलं. मग विचारलं, "सेक्रेटरीला कुणी मारलं, हे विचारलं का त्यांनी?"

"नाही."

"मग कसल्या गं एजंट त्या," आई म्हणाली.

एजंटबाईंनी कादंबरी मागवली नाही. मृण्मयीचा दोन दिवसांनी मेसेज आला, "तू मला खूप दुखावलंस." मी उत्तर दिलं नाही. तिची दुसरी कादंबरी येतेय. इस्तंबूलमधल्या अत्तरवाल्याची. मुखपृष्ठ सुंदर आहे. मी पुन्हा जळतेय. हे जाणार नाही आणि ते घालवायला मी ध्यानालाही बसणार नाही.

एक गोष्ट मात्र चुकीची ऐकू जाऊ नये. आमच्या आधीच्यांनी आपलं दुःख लिहिलं, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. त्यांना कुणी सँडविच खायला घालून लिहा म्हटलं नव्हतं. गप्प बसा म्हणत होते तेव्हा त्यांनी लिहिलं. त्यांच्या पुस्तकांनी मला वर्गात ताठ बसायला शिकवलं. त्यांनी दार फोडलं. आता त्याच दारात पहारेकरी उभे आहेत आणि म्हणतायत, तुम्ही फक्त इथूनच यायचं, कपडे फाटके घालून यायचं.

हे जे मी आत्ता लिहिलं, यातही अपमान आहे. पण तो कुणी मागवलेला नाही. आजी धूसर नाही, आई धूसर नाही, मीही नाही.

कॉलेजातल्या मुली विचारतात, मॅडम, पुस्तक कसं छापतात? मी त्यांना सगळं शिकवते. सारांश कसा लिहायचा, मेल कसा लिहायचा, नकार आला की पुढचा पत्ता कुठला. काही लपवत नाही. शेवटी एवढंच सांगते. पहिल्या भेटीत जो तुझं पान उलटत नाही आणि तुझी आजी विचारतो, त्याच्यासमोरून उठ.

माझी दुसरी रहस्य कादंबरी अर्धी झाली आहे. पहिली अजून पडून आहे, ती मी पाठवत राहणार. आमच्या घरातली भूक, चावी, तळवा, सगळं माझं आहे. कधी लिहायचं, कुणासाठी लिहायचं, की लिहायचंच नाही, ते मी ठरवीन. तोवर मी खून लिहीन, चोऱ्या लिहीन, प्रेमं लिहीन, मनात आलं तर भुतं लिहीन. कुणाच्या परवानगीने लिहिणार नाही. आणि दुसऱ्याने ठरवून दिलेली एक ओळसुद्धा माझ्या नावाखाली छापू देणार नाही.