उस्ताद परत येतात तो भाग

रविवारी दुपारी दोन वाजता आमच्याकडे एक मालिका लागायची. परदेशी, हिंदीत डब केलेली. तिचा नायक वरून पडणारी कुठलीही गोष्ट नुसत्या हाताने थांबवायचा. वीट, माणूस, एकदा तर माणसांनी भरलेली लिफ्ट. माझी बहीण नऊ वर्षांची. ती हा कार्यक्रम दिवाणावर उलटी झोपून, पाय भिंतीला टेकवून बघायची. तसं बघितलं की पडणाऱ्या गोष्टी वर जाताना दिसतात, असं तिचं म्हणणं. मी तिच्याहून तेरा वर्षांनी मोठी. भांडी आवरून मी खाली सतरंजीवर येऊन बसायचे. आई आतल्या खोलीत पडलेली असायची आणि बाबा फॅक्टरीत ओव्हरटाइमला.

त्या रविवारी नायकाच्या दारात त्याचा म्हातारा उस्ताद येऊन उभा राहिला. नायक अनाथ. तो सहा वर्षांचा असताना या माणसाने त्याला गच्चीखाली उभं करून वरून विटा टाकल्या होत्या. थांबवली तर जेवण, नाही थांबवली तर दुसरी वीट. आता इतक्या वर्षांनी तो लंगडत आला होता आणि दोन दिवस राहायला जागा मागत होता. नायकाने त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, कपात गरम काहीतरी ओतून दिलं.

"ताई, हा त्याले चहा कायले देऊन रायला?"

"पाहुणा आहे."

"पाहुणा नाई तो. विटा मारे ना तो याले."

"त्याचे उस्ताद आहेत ते."

"मंग?"

मी पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर म्हातारा कप खाली ठेवून म्हणाला, तुझा डावा हात अजून हळू आहे. एवढंच. मग पाठलाग, मारामारी, एक पूल कोसळला, म्हातारा निघून गेला. शेवटी नायक एकटाच गच्चीवर उभा होता. स्वतःच विटा वर फेकत होता आणि डाव्या हाताने झेलत होता. मागे जोरात संगीत वाजत होतं, जणू काही तो जिंकला होता.

बहीण सरळ होऊन बसली. तिचा चेहरा उलटं झोपून लाल झाला होता.

"तुह्या टीचर पण वापस आल्या ना? आई फोनवर मावशीले सांगत होती. मले तिथं पाठवून रायली."

"कधी म्हणाली?"

"काल. चांगल्या हायत का त्या?"

मी टीव्हीचा आवाज कमी केला. ती थांबली. एरवी ती कशासाठीच थांबत नाही.

"तू नाई म्हन, मी नाई जात," ती म्हणाली. "तू हो म्हन, जाईन. तुले माहीत हाय ना सगळं."

"मी आईशी बोलते," मी म्हटलं.

मी हे म्हटलं होतं. नंतर कितीदा आठवून बघितलं, पण मी हे शब्द म्हटले होते यात शंका नाही.

त्या टीचर म्हणजे मॅडम, माझ्या लहानपणी आमच्याच क्वार्टर्सच्या लाइनीत राहायच्या. त्यांचे मिस्टर बाबांच्याच फॅक्टरीत, वरच्या हुद्द्यावर. कॉलनीत सगळ्या प्रांतांची माणसं. घराघरांत वेगळी भाषा आणि सगळ्यांची मुलं इंग्रजी शाळेत. मॅडम संध्याकाळी पाच ते सात व्हरांड्यात शिकवणी घ्यायच्या. त्यांचा एकच नियम होता. फाटकाच्या आत आलं की घरची भाषा बंद. मराठी, हिंदी, तेलुगू, काहीही. जो बोलेल त्याने स्टीलच्या पेल्यातलं पाणी तोंडात भरून बसायचं. गिळायचं नाही, सांडायचं नाही. तोंडात पाणी ठेवूनच गणितं सोडवायची. सात वाजता दाराशी असलेल्या कुंडीत सगळ्यांसमोर थुंकायचं, आणि मॅडम वाकून बघायच्या की जेवढं दिलं तेवढं निघालं का.

मी सात वर्षांची होते आणि सुट्ट्या आसगावला आजीकडे काढून आले होते. शेजारच्या मुलीने माझं खोडरबर घेतलं आणि मी म्हटलं, मले दे. पहिल्या दिवशी मला वाटलं, खेळ आहे. गाल फुगवून सगळे एकमेकांकडे बघून हसू दाबत होते. पंधरा मिनिटांनी जबडा दुखायला लागतो. मग पाणी कोमट होतं, आपल्या थुंकीने जड होतं. एकदा सर्दी होती. नाकाने श्वास येईना. मी गिळलं. मॅडमनी मारलं नाही. त्यांनी कधीच कुणाला मारलं नाही. त्यांनी पेला पुन्हा भरला.

मी लवकर शिकले. इंग्रजी शिकले असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. पण त्याआधी मी हे शिकले की काहीच बोललं नाही तर पाणी लागत नाही. चार वर्षं मी तिथे गेले. घरी आल्यावरही बोलायच्या आधी वाक्य आत एकदा तपासून घ्यायची सवय लागली, आणि तपासेपर्यंत बहुतेक वेळा विषय बदललेला असायचा. मी पाचवीत असताना मॅडमच्या मिस्टरांची बदली झाली. त्यांच्या सामानाचा ट्रक गेला त्या संध्याकाळी मी काही नाचले-बिचले नाही. पाच वाजता दप्तर घेऊन पायरीवर बसून राहिले होते.

आता मिस्टर रिटायर झाले आणि त्यांनी कॉलनीच्या गेटबाहेर घर बांधलं. मॅडमनी पुन्हा शिकवणी सुरू केली. आई त्यांना बाजारात भेटली, आणि घरी आली ती उजळलेल्या तोंडानेच.

आईची अडचणही मला दिसत होती. बहीण सारखी बोलते. बसच्या ड्रायव्हरशी, पालीशी, बंद टीव्हीशी. दिवाळीत आसगावला गेली की येताना आजीचं सगळं बोलणं घेऊन येते. शाळेत सुट्टीबद्दल इंग्रजीत बोलायचं होतं तेव्हा तिने वर्गाला पुंजणा कसा रचतात ते हातवारे करून सांगितलं. पुंजणा म्हणजे कापलेल्या धानाचा मोठा ढीग. इंग्रजीत तिला शब्द सापडेना म्हणून तिने बाकावर चढून उंची दाखवली. शाळेने आईला बोलावलं. मुलगी हुशार आहे, पण भाषेकडे लक्ष द्या, असं सांगितलं. आई दहावीपर्यंत शिकलेली, लाखांदूरकडची. शाळेत मुख्याध्यापिकांच्या खोलीत ती खुर्चीच्या टोकावर बसली असेल, हे मला न सांगता कळतं.

सोमवारी मी स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होती.

"आई, छोटीला शिकवणीला नको पाठवू."

"काहून?"

वाक्य तयार होतं. मी ते आदल्या दिवशी मोबाइलमध्ये लिहूनही ठेवलं होतं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. इंग्रजीत ते बरं वाटत होतं. मराठीत वाचलं तर एखाद्या अर्जासारखं झालं होतं.

"मॅडम खूप कडक आहेत," मी म्हटलं.

"कडक नको मंग काय? तुले कोनं घडवलं? मी घडवलं का? मले तं तुही इंग्रजीची वही बी वाचता नाई ये." तिने कणकेवर पाण्याचा हात फिरवला. "तू आज कॉम्प्युटरवर बाहेरच्या कंपनीचं काम करतं घरी बसून. कोनामुळं? आनि इचं बघ. बोलू बोलू जीव खाऊन रायली."

 आईने वर बघितलं आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "मारे का त्या तुले?"

"नाही."

"मंग?"

आईने जेव्हा तेच विचारलं जे बहिणीने विचारलं होतं, तेव्हा सांगायला हवं होतं. मी हात पुसायचं फडकं घडी करून ठेवलं आणि बाहेर आले. खोलीतून आईला व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मेसेज टाइप केला, पाणी, पेला, कुंडी, सगळं. ती भिंतीपलीकडे पोळ्या लाटत होती, मला लाटण्याचा आवाज येत होता. मेसेज पाठवला नाही. बहिणीने दारातून डोकं घालून विचारलं, "बोलली का?" मी म्हटलं, "बोलतेय."

गुरुवारी मॅडम आमच्याकडे चहाला आल्या. आईनेच बोलावलं होतं. भजे केले होते, नवे कप काढले होते. मी आत बसून ठरवत होते. नमस्कार करायचा, हात जोडून. पाया पडायचं नाही. आमच्या घरी मोठं माणूस आलं की पाया पडणं हे पाणी देण्याइतकंच सहज असतं, त्यात कुणी काही बघत नाही. पण त्या दिवशी एक जण बघणार होती. बहिणीला मी अजून हो किंवा नाही सांगितलं नव्हतं. ती शाळेच्या कपड्यांतच आतल्या दाराच्या पडद्याला धरून उभी होती, आणि मॅडमकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

मॅडम म्हाताऱ्या झाल्या होत्या. रंगवणं सोडलेले केस, गुडघ्यांना पट्टे. पायऱ्या चढून आल्यामुळे धाप लागलेली. मी ज्यांना पंधरा वर्षं घाबरत होते त्या या नव्हत्याच. मला कळेना आता कुणाला घाबरायचं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसत म्हणाल्या, "स्टँड स्ट्रेट, बेटा."

मी ताठ झाले. आई म्हणाली, "पाया..." आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी खाली वाकलेली होते. माझे हात त्यांच्या चपलांच्या खुणा पडलेल्या पायांना लागले. मॅडमचा तळहात माझ्या डोक्यावर आला. मी उठेपर्यंत माझ्या बाजूला दुसरी वेणी खाली आली होती. बहीण पाया पडत होती. माझ्यासारखीच, दोन्ही हातांनी, नीट.

"हीच का ती बोलकी?" मॅडम आईला म्हणाल्या. "मेरे पास भेजो. महिन्याभरात बघा तुम्ही."

"मोठीसारखी करा म्हन्जे झालं," आई म्हणाली.

"अरे, ये तो थी ही चुपचाप. पैदाइशी शांत लडकी. हिच्यावर मला काही करावंच लागलं नाही."

आई हसली. मीही हसले असेन. बहीण भजे खात मॅडमना विचारत होती की त्यांच्या घरी मांजर आहे का, असेल तर तिचं नाव काय, आणि ती भिंतीवरून उडी मारते का. मॅडमनी तिच्या गालाला हात लावला.

त्या निघाल्या तेव्हा आईने मला रिक्षापर्यंत सोडायला पाठवलं. फॅक्टरीची बस नुकतीच आली होती. डबे हातात घेऊन माणसं आपापल्या लाइनीकडे चालली होती. मॅडम माझा दंड धरून हळूहळू चालत होत्या. मी म्हटलं, आणि हे मी खरंच म्हटलं, "मॅडम, तुम्ही अजून ते पाणी देता का? तोंडात धरायला?"

त्या थांबल्या. आठवायचा प्रयत्न करत होत्या, हे मला दिसलं. त्या नाटक करत नव्हत्या.

"कोणतं पाणी, बेटा?"

"काही नाही."

"गुडघ्यांचं बघते मी आधी," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "सोमवारपासून पाठव तिला. पाचला. शार्प."

"हो मॅडम," मी म्हटलं.

रिक्षा गेली.  ज्याचा मी इतकी वर्षं हिशेब ठेवला ते त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांच्या आठवणीत मी जन्मतःच अशी होते. आईच्याही. हळूहळू त्याच खऱ्या ठरतील, कारण त्या बोलतात आणि मी बोलत नाही.

याला आता दोन महिने होत आले. पहिले काही दिवस बहीण येऊन खूप सांगायची, कुणाला काय आलं, कोण रडलं. मग कमी झालं. शाळेतून चांगला शेरा आला. बाबा परवा जेवताना म्हणाले, "पोरगी शहाणी झाली बा आता," आणि तिला स्वतःच्या ताटातला पापड दिला. तिने तो घेतला आणि थँक्यू म्हणाली. रविवारची मालिका संपली, तिच्या जागी दुसरं काहीतरी लागतं. ते ती सरळ बसून बघते.

काल तिला शिकवणीला सोडायच्या आधी मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "तिथे तुला काही त्रास होतो का? मला सांग. मी आईला सांगते."

ती सँडलचा पट्टा लावत होती. तिने मान वर केली नाही.

"तूच तं पाया पडली," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. पट्टा भोकात जात नव्हता. मी हात पुढे केला, तर तिने पाय मागे घेतला आणि स्वतःच लावला. पाचला दहा मिनिटं होती. मी गाडी काढली, ती मागे बसली, आणि मी तिला सोडून आले.